प्रकाशाची तोफ

तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे तिच्या उत्तर तीरावरील टेकडीवर पेडणे तालुक्यातील तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला. त्याच वर्षी हळर्ण आणि डिचोली येथील किल्लेही त्यांच्या हाती पडले. हळर्णच्या विजयाचे मोल पोर्तुगालच्या राजाला एवढे वाटले की, शापोरा नदीच्या काठच्या त्या लहानशा गावाच्या नावाने त्याने आपल्या व्हाइसरॉयला 'मार्केस द आलोर्न' ही पदवी बहाल केली. आज हळर्णवरून जाणाऱ्या वाटसरूला याचे नवल वाटेल. परंतु त्या काळचा हिशेब सरळ होता. नदीच्या मुखावर वा वळणावर ज्याची तोफ, त्याची नदी. तेरेखोलच्या तटावर बारा तोफा होत्या असे सांगतात. तोफेचे काम तीन पायऱ्यांचे असे : येणारे गलबत दिसले पाहिजे, त्यावर नेम धरला पाहिजे आणि बत्ती दिली पाहिजे. गोळा सुटला की गोलंदाजाचे काम संपले. पुढे गोळा जाणे आणि गलबत जाणे.

आता जे शस्त्र जगातील सात-आठ देशांच्या प्रयोगशाळांतून बाहेर पडून सैन्याच्या हाती येऊ लागले आहे त्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यात बत्ती दिल्यानंतरच गोलंदाजाच्या कामाला खरा आरंभ होतो. हे शस्त्र म्हणजे लेसर, प्रकाशाची तोफ. १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथील मैदानावर भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने अशा एका तोफेची यशस्वी चाचणी केली. मोटारगाडीवर बसवलेल्या या यंत्राने पंख असलेले एक वैमानिकरहित विमान आणि ड्रोनांचा थवा निकामी केला, त्यांच्या अंगाला भगदाडे पाडली आणि टेहळणीची यंत्रे आंधळी केली. हैदराबादच्या 'चेस' या प्रयोगशाळेने ते तयार केले असून बंगळूर आणि देहरादून येथील भगिनी प्रयोगशाळांचे साह्य त्यास झाले. वृत्तपत्रांनी त्याची शक्ती ३० किलोवॅट असल्याचे छापले. चार दिवस त्याची चर्चा झाली आणि पुष्कळांच्या मनात एक चित्र उभे राहिले : कळ दाबली, लाल रेघ सुटली, विमान भस्म झाले. हे चित्र सिनेमाचे आहे. खरे यंत्र असे चालत नाही. ते कसे चालते, त्याला पक्वता यावयास साठ वर्षे का लागली आणि कोकणच्या हवेत त्याची काय गत होईल, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम लेसर म्हणजे काय ते पाहू. अणूला बाहेरून ऊर्जा दिली की तो ती क्षणभर साठवतो आणि मग प्रकाशाच्या कणाच्या रूपाने टाकून देतो. साध्या दिव्यात प्रत्येक अणू आपल्या मर्जीने, आपल्या वेळी, वाटेल त्या दिशेला हा कण फेकतो. पेडण्याच्या पुनवेला जत्रेत जशी माणसे चालतात तसा हा प्रकाश असतो. गर्दी मोठी, पण प्रत्येकाची वाट निराळी. १९१७ साली आइन्स्टाइनने कागदावर दाखवून दिले की, ऊर्जा साठवून बसलेल्या अणूजवळून योग्य जातीचा प्रकाशकण गेला, तर तो अणूही त्याच जातीचा, त्याच दिशेचा आणि त्याच तालाचा दुसरा कण सोडतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. शिगम्याचे रोमट निघते तेव्हा ढोलाच्या ठोक्यावर शंभर पावले एकदम पडतात. लेसरचा प्रकाश तसा असतो. माणसे जत्रेतलीच, पण आता ती एका दिशेने एका तालात चालली आहेत. म्हणूनच साधा दिवा चार पावलांवर पसरतो आणि लेसरची शलाका कोसभर गेली तरी बारीक राहते.

कागदावरची ही गोष्ट प्रत्यक्षात आणावयास त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या एका लहानशा कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला. त्यानंतरच्या चार वर्षांत जे शोध लागले त्यांतील एक मोठा शोध महाराष्ट्राशी नाते सांगणारा आहे. १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले चंद्रकुमार पटेल हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड या वायूपासून लेसर मिळवला. आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो तोच हा वायू. आधीच्या लेसरांच्या मानाने हा कितीतरी जोरकस निघाला. कारखान्यात पोलाद कापावयास आणि शस्त्रक्रियागृहात पेशी छेदावयास तो आला, आणि सैनिकी विचारवंतांच्या मनात प्रकाशाच्या तोफेची कल्पना प्रथम बळावली तीही याच वायूच्या भरवशावर. १९८३ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने एका मोठ्या विमानात वायूचा लेसर बसवून आकाशात पाच लहान क्षेपणास्त्रे निकामी केली. ती तोफ कार्बन डायऑक्साइडचीच होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अंतराळातून शत्रूची क्षेपणास्त्रे पाडण्याची योजना जाहीर केली. पुढची वीस-पंचवीस वर्षे पैसा पाण्यासारखा वाहिला. त्यातून एक बोइंग ७४७ विमान तयार झाले. त्याच्या नाकाशी प्रचंड आरसा आणि पोटात विषारी रसायनांच्या टाक्या. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक क्षेपणास्त्र पाडलेही. दुसऱ्याच वर्षी योजना गुंडाळण्यात आली. कारण उघड होते. ज्या देशाची क्षेपणास्त्रे पाडावयाची त्या देशाच्या आकाशात शिरून, त्याच्या तोफांच्या माऱ्यात हे अवजड विमान घिरट्या घालीत राहील तरच त्याचा प्रकाश लक्ष्यापर्यंत पुरेशा जोराने पोहोचणार होता. अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून जमिनीवरून रॉकेट पाडणारी रासायनिक लेसराची तोफ बनवली होती आणि २००० साली तिने रॉकेटे पाडलीही. पण तिचा पसारा एवढा होता की ती रणांगणावर नेणार कशी, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

भारतातही याच काळात दिल्लीच्या 'लास्टेक' प्रयोगशाळेत वायूच्या लेसरावर काम चालू होते. त्याचे वृत्त फारसे बाहेर येत नसे. बाहेर आले ते २०१७ सालचे. कर्नाटकातील चित्रदुर्गाच्या मैदानावर एका ट्रकवरून १ किलोवॅटचा लेसर २५० मीटर अंतरावरील पत्र्यावर धरण्यात आला. पत्र्याला भोक पडावयास ३६ सेकंद लागले.

छत्तीस सेकंद! वाचकाने घड्याळ पुढे ठेवून एवढा वेळ स्वस्थ बसून पाहावे. तो केवढा लांब आहे ते कळेल. या छत्तीस सेकंदांत लेसर शस्त्राचे सारे मर्म आहे. तोफेचा गोळा आपला सारा जोर आघाताच्या एका क्षणात खर्च करतो. प्रकाशाला वजन नाही, तो आघात करीत नाही, तो तापवतो. लहानपणी भिंगाने कागद पेटवताना हात हलला की ठिपका सरकतो, तापलेली जागा निवते आणि सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. लेसर तोफ हे तेच भिंग, फक्त येथे कागद ताशी शंभर किलोमीटर वेगाने पळत असतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, तेव्हा तो पोहोचण्याचा प्रश्न नाही. तेथे टिकून राहण्याचा आहे. गोलंदाजाचे काम बत्तीनंतर सुरू होते असे वर म्हटले ते याच अर्थाने.

हे टिकणे किती कठीण आहे याची कल्पना मोपाच्या विमानतळावरून येईल. पेडणे तालुक्यातील हा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याला गोव्याचे मुख्यमंत्री आणि २०१४ ते २०१७ या काळातील देशाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले आहे. त्याची धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब आहे. तिच्या एका टोकाला तीस सेंटीमीटर व्यासाचा आरसा ठेवून त्यावरून लेसर सोडला, तर दुसऱ्या टोकाला त्याचा ठिपका लहानात लहान म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढा होईल. त्याहून लहान करणे निसर्गनियमानेच शक्य नाही. आता त्या टोकाला नाणे नाही, उडते ड्रोन आहे. सेकंदाला अठ्ठावीस मीटर वेगाने ते जात आहे, डोलत आहे, वळत आहे. त्याच्या पंखाच्या एकाच सांध्यावर हा ठिपका चार-पाच सेकंद स्थिर ठेवावयाचा. आरसा केसाच्या जाडीएवढा जरी थरथरला तरी ठिपका लक्ष्यावरून घसरतो. म्हणून या यंत्रात लेसराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कारागिरी आहे ती लक्ष्याचा माग काढणाऱ्या रडाराची, कॅमेऱ्याची आणि आरसा हलवणाऱ्या यंत्रणेची. चित्रदुर्गापासून कर्नूलपर्यंतच्या आठ वर्षांत १ किलोवॅटचे ३० किलोवॅट झाले हे डोळ्यांत भरते; पण उभ्या पत्र्याच्या जागी उडते ड्रोन आले, ही प्रगती त्याहून मोठी मानली पाहिजे.

एवढी शक्ती गाडीवर मावेल अशा यंत्रात आली ती काचतंतूमुळे. टेलिफोन आणि इंटरनेट वाहून नेणारे काचेचे बारीक तंतू सर्वांना ठाऊक आहेत. तशाच तंतूच्या गाभ्यात यटर्बियम नावाचे दुर्मिळ धातुद्रव्य मिसळले आणि त्याला विजेच्या साह्याने चेतवले, तर तो तंतूच लेसर होतो. ना विषारी वायू, ना टाक्या. असे अनेक तंतू एकत्र आणून त्यांचे झोत एकात मिळवले की शक्ती वाढत जाते. कारखान्यांत पत्रे कापण्यासाठी ही विद्या आधी वाढली आणि सैन्याने ती तेथून उचलली. युद्धासाठी शोध लागतात आणि मग ते संसाराला उपयोगी पडतात असे नेहमी सांगितले जाते. येथे मात्र प्रवास उलट झाला आहे.

तरीही फुकट काही मिळत नाही. यंत्राला दिलेल्या विजेपैकी एक तृतीयांशच्या आसपास प्रकाश होतो, उरलेली उष्णता. ३० किलोवॅट प्रकाशासाठी सुमारे ९० किलोवॅट वीज हवी. एका घराचा वीजभार ५ किलोवॅट धरला तर अठरा घरांची. आणि त्यातील ६० किलोवॅट उष्णता यंत्राच्या अंगातून सतत काढून टाकावी लागते, नाहीतर लक्ष्य जळण्याआधी तोफच जळावयाची.

आता ही शक्ती लक्ष्यावर काय करते तेही पाहू. वाटेत हवा आहे, म्हणून ठिपका नाण्याएवढा न राहता दहा सेंटीमीटर व्यासाचा झाला असे समजू आणि सारी ३० किलोवॅट शक्ती त्यात पोहोचली असे धरू. भर दुपारचे ऊन तेवढ्याच जागेवर जितकी ऊर्जा टाकते त्याच्या ३८०० पट ऊर्जा ही असेल. ड्रोनचे अंग प्लॅस्टिकचे किंवा कार्बनच्या धाग्यांचे. काही सेकंदांत ते वितळते किंवा जळते, पंख दुमडतो, विजेरी फुटते. यात ना आवाज होतो ना रेघ दिसते, कारण हा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा आहे. पाहणाऱ्याला एवढेच दिसेल की निरभ्र आकाशात चाललेले ड्रोन एकाएकी धूर सोडून खाली आले.

परंतु आकाश निरभ्र पाहिजे. येथे कोकणची गोष्ट निराळी होते.

कर्नूल आणि चित्रदुर्ग ही दोन्ही ठिकाणे दख्खनच्या कोरड्या पठारावरची. एप्रिलमधील कर्नूलची हवा आणि जुलैमधील पेडण्याची हवा यांत वाळवंट आणि तळे यांच्याइतका फरक आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिवाळ्याच्या पहाटे शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या खोऱ्यांतून धुके वर चढते आणि काजूची झाडे दहा पावलांवर दिसेनाशी होतात. किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांतून सुटलेले मिठाचे कण हवेत सदा तरंगत असतात. घरांच्या खिडक्यांच्या गजांना लागलेला गंज त्याची साक्ष देतो. डिचोलीकडे खनिजाच्या रस्त्यांवर तांबडी धूळ. हे सारे कण, मग ते पाण्याचे असोत, मिठाचे असोत वा मातीचे, प्रकाशाला वाटेत अडवतात आणि चहूकडे उधळतात.

किती उधळतात? हवामानखाते 'दृश्यता १ किलोमीटर' असे सांगते तेव्हा त्याचा अर्थ असा की, एक किलोमीटर चालून गेल्यावर मूळ प्रकाशापैकी सरळ वाटेने पोहोचणारा भाग सुमारे दोन टक्केच उरतो. म्हणजे अशा धुक्यात ३० किलोवॅटच्या तोफेतून एक किलोमीटरवर ६०० वॅट पोहोचले. घरातील कपड्यांची इस्त्री याहून जास्त तापते. तोफेची शक्ती दहापट वाढवून ३०० किलोवॅट केली तरी तेथे पोहोचणार ६ किलोवॅट. धुक्याशी शक्तीने झगडणे म्हणजे दर्यात मीठ टाकून तो खारट करण्याचा उद्योग होय.

बरे, धुके नसले तरी हवा स्वस्थ बसत नाही. उन्हाने तापलेल्या कातळावरून दूरचे झाड पाहिले तर ते पाण्यात पाहिल्यासारखे हालते. मोपाचे पठार जांभ्या दगडाचे आहे. तेथे एप्रिल-मेच्या दुपारी हा खेळ कोणालाही पाहता येईल. लेसरचा ठिपका याच थरथरीत विस्कटतो. यावर उपाय निघाला आहे : आरशाच्या पाठीमागे अनेक लहान दट्टे बसवून त्याचा आकार सेकंदाला शेकडो वेळा किंचित पालटावयाचा, जेणेकरून हवेने केलेली मोडतोड आधीच उलट दिशेने भरून निघावी. खगोलशास्त्रज्ञ आपल्या दुर्बिणींत ही युक्ती वापरतात. मात्र आणखी एक अडचण लेसराने आपली आपणच ओढवून घेतलेली आहे. शलाका जोरकस असली की ती वाटेतील हवा तापवते, तापलेली हवा फुगते आणि त्या फुगलेल्या हवेतून जाताना शलाकाच फाकते. म्हणजे शक्ती वाढवावी तर पसाराही वाढतो. वारा वाहत असेल तर तापलेली हवा सरकून जाते. पण मे महिन्याच्या संध्याकाळी, किनाऱ्यावर पान हलत नाही अशा वेळी, ती तेथेच कोंडून राहते.

यावरून हे शस्त्र कुचकामाचे आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ते का हवे आहे याचे उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. ऑपरेशन सिंदूरनंतर ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारत सरकारने सांगितले. त्यांतील पुष्कळ ड्रोन स्वस्त होते आणि केवळ आपल्या तोफा व क्षेपणास्त्रे खर्ची पडावीत, रडारांच्या जागा कळाव्यात म्हणून सोडलेले होते. स्वस्त पतंग कापावयास महागडे क्षेपणास्त्र खर्च करीत गेले, तर विजय मिळूनही तिजोरी रिकामी होते. संरक्षण संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लेसर तोफ काही सेकंद चालवण्याचा खर्च दोन लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा येतो. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडजवळच्या बेटांवर 'ड्रॅगनफायर' या आपल्या तोफेची चाचणी केली तेव्हा एका वाराचा खर्च दहा पौंडांहून कमी सांगितला. या आकड्यांत यंत्राची मूळ किंमत धरलेली नसते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. दर फेरीचे तिकीट स्वस्त असले तरी बस विकत घ्यावीच लागते. पण दारूगोळा संपण्याची चिंता नाही, वीज आहे तोवर तोफ आहे, हा लाभ लहान नव्हे.

थव्याचा हिशेब मात्र बोटांवर करून पाहण्याजोगा आहे. एका ड्रोनला पाच सेकंद आणि नेम दुसऱ्यावर नेण्यास दोन सेकंद धरले, तर मिनिटाला आठ ड्रोन पडतील. तीन किलोमीटरवरून ताशी शंभर किलोमीटर वेगाने येणाऱ्या थव्याला पोहोचावयास पावणेदोन मिनिटे लागतात, म्हणजे एक तोफ चौदा-पंधरांना आवरील. सोळावा आत शिरणार. म्हणून शहाणे सेनाधिकारी लेसराकडे एकट्या वीराच्या दृष्टीने पाहत नाहीत. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या चाचणीत याचा प्रत्यय आला. तेथे लांब पल्ल्याला एक क्षेपणास्त्र, जवळच्या पल्ल्याला दुसरे आणि त्यांच्या जोडीला लेसर, अशी तिघांची फळी उभारून तीन निरनिराळी लक्ष्ये एकाच वेळी पाडण्यात आली. पाऊस असला की क्षेपणास्त्राने काम करावे, आकाश मोकळे असले की लेसराने, असा हा संसार आहे. आणि ही चाचणी ऑगस्टमध्ये, समुद्रकाठी झाली, ही गोष्ट कोकणच्या दृष्टीने कर्नूलपेक्षा अधिक बोलकी आहे.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर दाबोळीकडे वळावे लागेल. तेथे नौदलाचा 'हंसा' हा तळ आहे. जहाजावर विजेची वाण नसते आणि थंड करण्यास चहूकडे पाणी असते. त्यामुळे अमेरिकेने २०१४ मध्ये आपली ३० किलोवॅटची पहिली कामकाजी तोफ 'पॉन्स' या जहाजावरच बसवली. भारतीय नौदलानेही ऑगस्ट २०२१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीशी ड्रोनविरोधी यंत्रणेचा करार केला असून तीत ड्रोनचे संदेश तोडण्याबरोबर लेसराने त्यास जाळण्याचीही सोय आहे. मिठाचे कण आणि डोलणारे जहाज हे दोन शत्रू तेथे असतातच.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती दाबोळी व मोपा या दोन्ही विमानतळांच्या आसपास राहणाऱ्यांना सर्वांत जवळची आहे. तोफेचा चुकलेला गोळा कोठेतरी पडतो. लेसरचा चुकलेला झोत पडत नाही. तो पुढे जात राहतो. ड्रोनच्या मागे दहा किलोमीटरवर मुंबईहून येणारे प्रवासी विमान असेल तर झोत त्याच्या काचेवर जाईल. तेथे तो धातू वितळवू शकणार नाही, परंतु डोळ्याला त्याच्या अत्यल्प अंशाचेही भय आहे. तांबड्याच्या पलीकडचा हा प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचे भिंग त्याला थेट पडद्यावर एका बिंदूत गोळा करते. बाजारात मिळणारे लेसरचे खेळणे उतरणाऱ्या विमानावर धरले तरी वैमानिक क्षणभर दिपून जातो. म्हणून वैमानिकाला भ्रम पाडणारे दिवे विमानतळाच्या परिसरात लावण्यास कायद्याने बंदी आहे. चकचकीत धातूवरून परावर्तन पावलेला मोठ्या तोफेचा झोत तर खालच्या रस्त्यावरील माणसालाही इजा करू शकतो.

या भयाची जाणीव राष्ट्रांना वेळीच झाली, ही युद्धशास्त्राच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट घडली आहे. माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठीच योजलेल्या लेसर शस्त्रांवर बंदी घालणारा करार ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हिएन्ना येथे संमत झाला आणि १९९८ मध्ये अमलात आला. अशी शस्त्रे रणांगणावर सर्रास येण्याच्या आधीच ती निषिद्ध ठरली. भारताने हा करार स्वीकारला आहे. पण कराराचे शब्द बारकाईने वाचले पाहिजेत. बंदी आहे ती आंधळे करण्याच्या हेतूने बनवलेल्या शस्त्रावर. ड्रोन जाळताना वाटेतील कोणाचे डोळे गेले, तर त्याला ती बंदी लागू होत नाही. कॅमेऱ्याचे डोळे फोडावयास तर मुळीच आडकाठी नाही. कर्नूलच्या चाचणीत टेहळणीची यंत्रे आंधळी केली ती या मर्यादेच्या आतच.

तेव्हा भरवस्तीत अशी तोफ चालवावयाची तर तिला नेम धरण्याइतकेच थांबण्याचेही ज्ञान हवे. झोताच्या सरळ रेषेत, लक्ष्याच्या मागे काय आहे हे तिने आधी पाहिले पाहिजे. प्रवासी विमान त्या रेषेला छेदणार असेल तर कळ दाबूनही झोत निघता कामा नये. अमेरिकेत मोठे लेसर आकाशात सोडण्यापूर्वी उपग्रह वाटेत येतात काय याची तपासणी करणारी लष्करी कचेरी आहे. प्रवासी विमानांच्या बाबतीत तीच दक्षता सेकंदांच्या हिशेबाने, मानवी सवडीची वाट न पाहता, यंत्रालाच घ्यावी लागेल. मोपाला दिवसरात्र विमाने ये-जा करतात, दाबोळीला प्रवासी आणि नौदलाची विमाने एकच धावपट्टी वापरतात, आणि या दोहोंच्या मधल्या आकाशात त्या पाच सेकंदांपुरती मोकळी रेषा आधी शोधावी लागेल.